इंदूरच्या मायक्रोब्रुअरीत पहिल्यांदा जाताना

पाहुणा आला की आपण इंदूरकर त्याला सराफ्यात नेतो, छप्पन दुकानवर नेतो, आणि पोह्यांवर जीरावण किती भुरभुरायचं हेसुद्धा सांगतो. खाण्याच्या बाबतीत इतकं चोखंदळ असलेलं आपलं गाव बियर मात्र चव न बघताच पितं. जितकी गार तितकी चांगली आणि ‘स्ट्राँग’ असली की पैसे वसूल, एवढीच पारख. मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जिथली बियर तिथेच बनते अशा जागी, ही सवय घेऊन गेलात तर तिथली महागडी बियर आणि दुकानातली बाटली यांत फरकच जाणवणार नाही. म्हणून पहिल्या खेपेला बेत फक्त चाखण्याचा ठेवा. चार-पाच छोटे ग्लास, दोन तास, आणि आपल्याला नेमकी कुठली बियर आवडते याचं उत्तर. पहिल्या भेटीत एवढं साधलं तरी खूप झालं.

हा लेख बियर पिणाऱ्या किंवा निदान चाखायची इच्छा असलेल्या सज्ञान लोकांसाठी आहे. मध्य प्रदेशात त्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, तेव्हा ओळखपत्र खिशात ठेवा. जो पीत नाही त्याला आग्रह करून नेऊ नका. गर्भवतींनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी, झोपेच्या किंवा मेट्रोनिडाझोलसारख्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी हा बेत सरळ टाळावा.

जागा कशी निवडायची

शहरातले पब आणि बार मुख्यतः विजयनगर, एबी रोड या पट्ट्यात आहेत. पण पाटीवर ‘ब्रू’ लिहिलं म्हणून बियर तिथेच बनते असं नाही. काही ठिकाणी बाहेरच्या कारखान्यातली बियर पिंपातून आणून नळावर लावलेली असते. ती वाईट असते असं मुळीच नाही, पण आपण ज्यासाठी जातोय ते हे नव्हे. जाण्याआधी फोन करून दोन गोष्टी विचारा: बियर इथेच बनवता का, आणि आज टॅपवर काय काय आहे? जिथे खरोखर बियर बनते तिथला माणूस दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यादीसारखं देतो: गव्हाची आहे, लागर संपली, स्टाउट शुक्रवारी येईल. (लागर म्हणजे थंडीत सावकाश मुरवलेली स्वच्छ, हलकी बियर, आणि स्टाउट म्हणजे भाजक्या सातूची काळी.) ‘सब कुछ है सर’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

वार आणि वेळ फार महत्त्वाची. शनिवारी रात्री डीजे सुरू झाल्यावर ना वास कळतो, ना कुणाशी दोन शब्द बोलता येतात. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी पाच-सहाला जा. वेटरला सवड असते, बियर बनवणारा ब्रुअर जागेवर भेटण्याची शक्यता असते, आणि खिडकीतून उजेड येत असेल तर बियरचा रंगही नीट दिसतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या दिवशी ‘ड्राय डे’ असतो, तेवढं कॅलेंडर बघून घ्या.

निघण्याआधी पोटात काहीतरी असू द्या. वरण-भात, पोळी-भाजी, काहीही चालेल, फक्त तिखटजाळ नको, कारण तिखटानं पोळलेल्या जिभेला पुढचा तासभर काही समजत नाही. अत्तर, डिओ लावू नका. तंबाखू, गुटखा, मसाला पान यांना त्या संध्याकाळी सुट्टी द्या. आणि गाडी घरी ठेवा. त्याबद्दल शेवटी सविस्तर सांगतो.

बसण्याआधी टाक्या बघा

बरेच जण थेट टेबल गाठतात. मी सांगेन, आधी काचेपलीकडच्या टाक्यांपाशी जा. गर्दी नसेल आणि अदबीनं विचारलंत, ‘भिया, जरा दाखवाल का?’, तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

बियर चार गोष्टींची: सातू (बार्ली), पाणी, हॉप्स आणि यीस्ट. सातू भिजवून त्याला मोड आणतात आणि ऐन वेळी वाळवून ते थांबवतात, तोच माल्ट. आपल्याकडे बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आई जे करते त्याचंच हे मोठं रूप. मोड येताना दाण्यात जी विकरं (एन्झाइम) तयार होतात ती पुढे पिठाची साखर करतात. ब्रुअरला विनंती करून माल्टचे चार दाणे चावून बघा. साधा माल्ट बिस्किटासारखा गोडसर लागतो, आणि स्टाउटसाठी काळा होईपर्यंत भाजलेला सातू कॉफीसारखा कडवट. हे दाणे चावले की पुढे ग्लासातली चव कुठून आली हे आपोआप कळतं. माझ्या मते सगळ्या फेरीतली सर्वांत शिकवणारी गोष्ट हीच, आणि हिला पैसेही पडत नाहीत.

पहिल्या टाकीत भरडलेला माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरतो. तापमान या पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवलं तर बियर कोरडी होते, वरच्या टोकाला ठेवलं तर अंगानं भरीव आणि गोडसर. मग चोथा गाळून गोड रस दुसऱ्या टाकीत जातो आणि तासभर खळखळून उकळतो. त्यात हॉप्स पडतात. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. आपल्याकडे ती बहुतेक परदेशातून येतात, थोडी हिमाचलातल्या लाहौलमध्ये पिकतात. सुरुवातीला टाकलेले हॉप्स कडवटपणा देतात आणि उकळी संपता संपता टाकलेले सुवास. उरलेला चोथा सहसा गुरांच्या खाद्यात जातो.

पाण्याचीही चौकशी करा. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून चढवून आणलं जातं. बियर बनवणारे बहुधा पाणी आधी आरओमधून काढतात आणि मग जी बियर करायची असेल तिला लागतील तसे क्षार त्यात घालतात. झेक देशातल्या प्लझेन गावात १८४२ साली पिल्सनर ही फिकट सोनेरी लागर जन्मली ती तिथल्या अगदी मऊ पाण्यामुळे. इंग्लंडच्या बर्टनमधल्या जड पाण्यानं कडवट एल, म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेली बियर, नावारूपाला आणली. आता क्षार मोजून घालता येतात म्हणूनच एकाच नळाच्या पाण्यावर इंदूरमध्ये दोन्ही करता येतात.

शेवटच्या उंच टाक्या, ज्यांचा तळ निमुळता असतो, त्या आंबवण्याच्या. तिथे थोडं थांबा. टाकीतून निघालेली एक नळी खाली बादलीतल्या पाण्यात बुडवलेली असते. यीस्ट साखर खाऊन मद्य आणि कार्बन डायऑक्साइड करतं, तो वायू या नळीतून बाहेर पडतो. नवी बियर असेल तर बादली सतत गुडगुडत असते. चार-पाच दिवसांची असेल तर एखादाच बुडबुडा येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. त्या बादलीवरून टाकीतलं काम कुठवर आलंय ते सांगता येतं. टाकीभोवतीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव फिरत असतो. मे महिन्यात बाहेर चाळीसच्या वर पारा असताना आत वीसच्या आसपास राखायचं तर त्याला पर्याय नाही.

इथेच आणखी एक कोडं सुटतं. भारतातल्या बहुतेक मायक्रोब्रुअऱ्यांत गव्हाची बियर हमखास मिळते आणि चांगली लागर क्वचित, असं का? एल जातीचं यीस्ट साधारण १८ ते २२ अंशांवर काम करतं आणि गव्हाची बियर दोनेक आठवड्यांत ग्लासात येते. लागरचं यीस्ट दहा अंशांच्या आसपास सावकाश चालतं आणि नंतर ती बियर कित्येक आठवडे थंडीत मुरावी लागते. तेवढा काळ टाकी अडते, आणि लहान ब्रुअरीत टाक्या मोजक्या. म्हणून जिथे घरची लागर टॅपवर दिसेल तिथे ती जरूर मागवा. लागरमध्ये हॉप्सचा भडिमार नाही, भाजका वास नाही, फळ नाही. चूक झाकायला तिच्यात जागाच नसते. ब्रुअरचा हात कसा आहे हे मी तरी तिच्यावरूनच ठरवतो.

मागवायचं कसं

मेन्यूत ‘सॅम्पलर’ किंवा ‘टेस्टिंग फ्लाइट’ शोधा. लाकडी फळीवर चार ते सहा छोटे ग्लास येतात. प्रत्येक ग्लास किती मिलिलिटरचा ते आधी विचारा, कारण कुठे ९० असतो तर कुठे १५०. शंभर मिलिलिटरचे पाच ग्लास म्हणजे अर्धा लिटर. ५ टक्क्यांची बियर धरली तर त्यात २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्य होतं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं, तेव्हा एवढ्यालाच दोन-तीन तास लागतात. दीडशेचे सहा ग्लास असतील तर दोघांत एक फळी मागवा.

सहा प्रकार असतील तर चारच निवडा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं एक लागर किंवा पिल्सनर, एक गव्हाची, एक हॉप्सची कडवट आणि एक काळी घ्यावी. आंबा, लिची घातलेल्या बियर असतात, चवीला बऱ्याही लागतात, पण मूळ बियर कशी आहे ते फळाखाली दबून जातं. त्या पुढच्या वेळी.

चाखायचा क्रम हलकीकडून भारीकडे: लागर, गव्हाची, कडवट, काळी. कडवट आधी घेतलीत तर लागर पाणचट लागेल आणि दोष मात्र बिचाऱ्या लागरला जाईल.

आणि थंडपणा. आपल्याला बर्फासारखी बियर हवी असते, पण दोन-तीन अंशांवर जीभ बधिर होते आणि वासही वर येत नाही. लागर ५ ते ७ अंशांवर छान, गव्हाची तिच्याहून किंचित वर, कडवट एल ८ ते १२, आणि स्टाउट त्याहूनही थोडी कोमट. थर्मामीटर न्यायची गरज नाही. काळा ग्लास सगळ्यात शेवटी प्यायचा असल्यानं तो फळीवर आपोआप हवा तितका कोमट होतो. ग्लास बर्फात थिजवून आणत असतील तर साधा ग्लास मागा.

चाखायचं कसं

आधी बघा. लागर आरपार स्वच्छ हवी. गव्हाची धूसर असते, तो तिचा गुण आहे, कारण त्यात गव्हाची प्रथिनं आणि यीस्ट तरंगतं. फेस किती टिकतो ते पाहा. ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, बदलून मागायला संकोच करू नका. प्रत्येक घोटागणिक फेसाचं एक कडं काचेवर उमटत गेलं तर ग्लास चांगला स्वच्छ आहे.

मग वास. ग्लास हलकेच गोल फिरवा, नाक जवळ न्या, छोटे छोटे दोन-तीन श्वास घ्या. चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं पुष्कळसं नाकाचंच काम असतं. मनात जे पहिलं नाव येईल ते धरा, ते चूक की बरोबर याची काळजी करू नका.

आता घोट. इतका घ्या की सगळी जीभ भिजेल. दोन-तीन सेकंद तोंडात फिरवा आणि गिळा. वाइन चाखणारे थुंकतात, बियर मात्र गिळायची, कारण घोट गेल्यावर मागे उरणारा कडवटपणा हा तिच्या चवीचाच भाग आहे. दुसरा घोट पहिल्यापेक्षा जास्त सांगतो, म्हणून मत दुसऱ्यानंतर बनवा. फोनमध्ये प्रत्येक बियरपुढे तीन-चार शब्द लिहून ठेवा. घरी पोचेपर्यंत सगळ्या चवी एकमेकींत मिसळून जातात.

गव्हाच्या बियरपाशी जरा जास्त वेळ द्या, कारण नवशिक्याला सर्वांत स्पष्ट बोलणारी बियर हीच. बव्हेरियाच्या पद्धतीची असेल तर पिकल्या केळ्याचा वास येईल आणि त्यामागून लवंगेचा. तिच्यात केळं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट तयार करतं, केळ्याचा आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या संयुगामुळे आणि लवंगेचा विनाइल ग्वायकॉलमुळे. आंबवताना तापमान चढं असलं तर सहसा केळं पुढे येतं, उतरतं ठेवलं तर लवंग. बेल्जियमच्या पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये मात्र खरोखर धणे आणि संत्र्याची साल घालतात. टॅपवर दोन्ही असतील तर शेजारी शेजारी ठेवून हुंगा. दोन्ही ढगाळ, दोन्ही गव्हाच्या, आणि तरी इतक्या वेगळ्या.

कडवट म्हणजे बहुधा इंडिया पेल एल. नावात इंडिया आहे ते आपल्याच देशामुळे: हिंदुस्थानातल्या इंग्रजांसाठी जहाजानं पाठवल्या जाणाऱ्या एलमध्ये हॉप्स भरपूर असत, कारण ते बियर टिकवतात. आपल्या शेजारची महूची छावणी १८१८ सालची, म्हणजे याच व्यापाराच्या काळातली. पहिला घोट अनेकांना औषधासारखा वाटतो. घाईनं बाजूला सारू नका. कडवटपणाच्या वर संत्री, पाइन, आंबा यांचे वास तरंगतात का ते शोधा. कारलं आवडायलाही आपल्याला काही वर्षं लागलीच होती. तरीही नाही आवडली तर नाही, जबरदस्ती कशाला.

काळ्या स्टाउटला लोक रंगावरून घाबरतात. रंगाचा आणि नशेचा काही संबंध नाही. साधी कोरडी स्टाउट ४ ते ५ टक्क्यांची असते, तर दुकानातली सोनेरी स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत जाते. आकडा मेन्यूवर बघायचा, रंगावर जायचं नाही.

दोन बियरच्या मध्ये साध्या पाण्याचे घोट घ्या आणि पावाचा कोरडा तुकडा किंवा मीठ-मसाला नसलेलं काही खा.

बिघडलेली बियर ओळखायची

ताजी, न गाळलेली, बहुधा पाश्चराइझ न केलेली बियर नाजूक असते. दोष ओळखता आले तर ती परत करताना चाचरायला होत नाही. लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर यीस्टला काम पुरं करू न देता बियर थंड केली असण्याची शक्यता आहे. उकडलेल्या मक्याचा वास आपण माळव्यातली माणसं झटकन ओळखू, श्रावण-भाद्रपदात घरोघरी भुट्ट्याचा कीस होतो तेव्हाचा. लागरमध्ये तो ठळक असेल तर उकळी कमी पडली. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बियर कच्ची. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागून शिळी झालेली. व्हिनेगरसारखा आंबट झोत आला आणि मेन्यूवर ती ‘सावर’ (मुद्दाम आंबट केलेली) म्हणून लिहिलेली नसेल, तर नळ्या किंवा टाकी अस्वच्छ.

सांगताना आवाज चढवू नका. ‘यात लोण्याचा वास येतोय, ब्रुअरना एकदा चाखायला सांगाल का?’ एवढं पुरे. चांगल्या ठिकाणी ब्रुअर स्वतः येतो, चाखतो आणि ग्लास बदलून देतो. तुम्ही नीट चाखताय हे कळल्यावर तो पुढे काय सांगायला लागेल याचा नेम नाही. टाकीतून थेट काढलेला अर्धा घोटही पुढे येऊ शकतो.

सोबत काय खायचं

सगळे ग्लास एकदा चाखून झाल्यावर खाणं मागवा, आधी नाही. टेबलावर बसल्या बसल्या शेवेची वाटी येते, ती तोवर बाजूला सारा. रतलामी शेवेत खरी लवंग असते, आणि ती आधी खाल्लीत तर गव्हाच्या बियरमधली लवंग सापडणारच नाही. चाखणं झाल्यावर मात्र तीच शेव त्याच बियरसोबत घ्या, जोडी फार सुरेख जमते. लागरला भजी, तळलेले शेंगदाणे. कडवट एलला जरा तिखट आणि तेलकट काहीतरी, पण मिरची बेतानं, कारण हॉप्सचा कडवटपणा मिरचीची आग वाढवतो. स्टाउटसोबत चॉकलेटचं काहीही.

चारांतली जी सर्वांत आवडली तिचा एक मोठा ग्लास मागवायचा असेल तर आता मागवा. एकच. ही बियर जिथे बनते तिथेच ताजी प्यावी अशी असते, ती पुढच्या आठवड्यातही मिळेल.

बिल आणि घर

मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, आणि खाण्यावर जीएसटी. त्यामुळे बिलात दोन वेगळे कर दिसले तर गोंधळू नका. मेन्यूतला दर करासकट आहे की करावेगळा, हे मागवतानाच विचारावं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतो.

गाडीबद्दल आता. कायद्यानं चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य चालत नाही. एक मोठा ग्लासही अनेकांना त्या रेषेपलीकडे नेतो. पहिल्यांदा पकडलं तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंड ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट आहे. रात्री बायपासवर ट्रक कसे धावतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ‘बियरच तर घेतली’ म्हणून कुणी चावी फिरवत असेल तर ती काढून घ्या, मग तो मेहुणा असो की साहेब. कॅब बोलवा, किंवा न पिणारा कुणी गाडी चालवणार असेल तर त्याचं जेवण बाकीच्यांनी मिळून द्या.

भूक उरली असेल तर कॅब सराफ्याकडे वळवा. सोन्या-चांदीची दुकानं बंद झाल्यावर तिथे खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत चालतात. थंडीत गेलात तर गराडू घ्या. भरपूर पाणी पिऊन झोपा.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जाल तेव्हा फोनमधली टिपणं उघडा आणि तीच आवडलेली बियर परत मागवा. टाकी नवी असेल, घाणा नवा असेल, केळं जरा कमी आणि लवंग जरा जास्त झालेली असेल. काय बदललं, ते ब्रुअरला विचारा.